टीबीची गोळी कुणाला कधी मिळते, हे ठरतं कुठे? (जरा लांबलचक उत्तर आहे, चहा घेऊन बसा)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की टीबीवर औषध आहे, एचआयव्हीवर आहे, कोविडची लस तर वर्षभरात आली, मग मरणारे बहुतेक गरीब देशांतलेच का? आणि याला 'राजकारण आणि इतिहास' म्हणणं म्हणजे आपल्याकडच्या भ्रष्टाचारावर आणि लोकांच्या बेफिकिरीवर पांघरूण घालणं नाही का? शेवटचा टोमणा जरा लागला, पण प्रश्न रास्त आहे आणि ओपीडीत शिकायला येणारी पोरंपण मला हेच विचारतात, म्हणून नीट लिहिते.

आधी माझी बाजू सांगते. मी छातीरोगाची डॉक्टर, मुंबईच्या पूर्व उपनगरांत काम, आणि पेशंट जास्त करून एमडीआर-एक्सडीआरचे, म्हणजे साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे. त्यामुळे माझं उत्तर टीबीच्या अंगाने जाणार. कुपोषणावर किंवा बाळंतपणातल्या मृत्यूंवर काम करणारं कुणी असेल तर ते वेगळीच गोष्ट सांगतील आणि तीही खरीच असेल. देश, आजार, सरकार कुठलं, यावर बरंच काही अवलंबून आहे.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. औषध पेशंटच्या दारापर्यंत आलं आणि तरी त्याने घेतलं नाही, हा एक. औषध दारापर्यंत आलंच नाही, हा दुसरा. आपण चर्चा कायम पहिल्याची करतो, कारण तो डोळ्यांसमोर दिसतो. दुसरा कुठल्यातरी मीटिंगमध्ये घडतो, पेशंटला त्याची खबरही नसते.

बेडाक्विलिनचं, म्हणजे अशा दाद न देणाऱ्या टीबीवरच्या गोळीचं, उदाहरण घ्या. एका कोर्सची डबी १८८ गोळ्यांची. पहिले दोन आठवडे रोज चार, मग बावीस आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मंजुरी मिळाली, आणि रिफॅम्पिसिननंतर टीबीसाठी अगदी नव्या पद्धतीने काम करणारं औषध यायला चाळीसेक वर्षं लागली होती, म्हणजे आमच्यासाठी केवढी मोठी बातमी होती ते समजा. कंपनीने (जॉन्सन अँड जॉन्सन) भाव तीन ठेवले: श्रीमंत देशांना कोर्सचे ३०,००० डॉलर, मधल्यांना ३,०००, गरिबांना ९००. आता २०२३ ला या, मूळ पेटंट जुलैमध्ये संपलं आणि ऑगस्टमध्ये टीबीची औषधं एकत्र विकत घेणाऱ्या जागतिक यंत्रणेला तीच कंपनी तोच कोर्स १३० डॉलरला द्यायला लागली, कारण आपल्या ल्युपिन कंपनीची गोळी शेजारी येऊन उभी राहिली होती. भागाकार करून बघा, एक गोळी कुणाला १६० डॉलरला पडत होती आणि २०२३ मध्ये ती आली ७० सेंटला. मधल्या काळात गोळी बदलली नाही, जंतू बदलला नाही, बाजारात दुसरा विक्रेता आला एवढंच बदललं.

आता कुणीतरी म्हणेल संशोधनाला खर्च येतो. येतोच की. पण या औषधाच्या चाचण्यांमध्ये आणि विकासामध्ये सरकारी आणि दानाचा पैसा कंपनीच्या स्वतःच्या खर्चापेक्षा जास्त होता असा हिशोब प्रसिद्ध झालाय. खर्च सगळ्यांनी मिळून केला आणि भाव एकट्याने ठरवला, माझं म्हणणं इतकंच आहे.

भारतात हे औषध २०१६ मध्ये आलं तेही दान मिळालेल्या डोसवर आणि सुरुवातीला फक्त पाच शहरांत: मुंबई, दिल्ली, अहमदाबाद, चेन्नई, गुवाहाटी. पाटण्याची एक अठरा वर्षांची मुलगी दिल्लीत उपचारासाठी आली तर तू इथली रहिवासी नाहीस म्हणून औषध नाकारलं गेलं, वडिलांना हायकोर्टात जावं लागलं, जानेवारी २०१७ मध्ये तडजोड होऊन औषध द्यायचं ठरलं. क्षयरोग्याला औषधासाठी डोमिसाइल! यात परदेशी कंपनीचा हात कमी आणि आपल्या सिस्टिमचा जास्त आहे, हे मी मुद्दाम लिहितेय म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी सगळं गोऱ्यांच्या माथी मारतेय.

या सगळ्या वर्षांत आमच्या पेशंटला काय मिळत होतं? कॅनामायसिन. रोज एक इंजेक्शन, आठवड्यातून सहा दिवस, सहा-आठ महिने. कमरेखाली दोन्ही बाजूंना गाठी यायच्या, लोकल मध्ये बसायला जागा मिळाली तरी बाई उभी राहायची. आणि कान जायचे. आधी पेशंट सांगायचा की कान वाजतात, रातकिड्यासारखं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याचा आलेख, काढला तर बोलण्याच्या पट्टीत सगळं ठीक, पण ४००० हर्ट्झच्या पुढे रेघ खाली घसरलेली, ८००० ला तर पाताळात. त्या टप्प्यावर त्याला अजून आपण सांगतोय ते ऐकू येत असतं त्यामुळे त्याचा विश्वासच बसत नाही. मग काही आठवड्यांनी घरचे म्हणतात, कुकरची शिट्टी होऊन गेली तरी उठत नाही. गेलेलं परत येत नाही. मग आम्ही काय विचारायचो माहितीये, जीव पाहिजे की कान? असं विचारायची वेळ श्रीमंत देशातल्या डॉक्टरवर येईनाशी झाली त्यानंतरही आमच्यावर येतच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नका असं २०१८ मध्ये सांगितलं आणि आपल्याकडे ते पूर्ण मागे पडायला त्यानंतरही वेळ गेला.

मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, दोघींचं ऐकणं टीबीच्या उपचारात गेलं. जॉन्सन अँड जॉन्सनने बेडाक्विलिनच्या एका क्षाराच्या रूपावर वेगळं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या दोघींनी २०१९ मध्ये पेटंट ऑफिसात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. म्हणून जुलैमध्ये ल्युपिनला रस्ता मोकळा मिळाला. वर जो ७० सेंटचा आकडा दिलाय त्याच्यामागे हे आहे.

आता इतिहास. ही हरकत घेता आली कारण भारताचा कायदा तसा होता, आणि तो कायदा आकाशातून पडला नव्हता. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे इंग्रजांचा १९११ चा पेटंट कायदाच चालू होता, बाजार परदेशी कंपन्यांच्या हातात आणि औषधं महाग. एकीकडे सरकारने पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली (पिंपरी-चिंचवडला औद्योगिक नगरी म्हणतात त्याची सुरुवात पेनिसिलिनपासून आहे, तिथल्या लोकांनाही आता आठवत नाही), दुसरीकडे पेटंट कायद्यावरच्या अय्यंगार समितीने १९५९ मध्ये अहवाल दिला, आणि मग १९७० चा कायदा आला, १९७२ पासून लागू. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर, तेही थोड्या वर्षांसाठी. म्हणजे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवला तर चालेल. पुढच्या तीसेक वर्षांत आपल्या कंपन्या ज्या वर आल्या त्या यावर.

हे अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना खुपत होतंच. १९८६ मध्ये त्यांनी एक कमिटी बनवली, फायझरचे प्रमुख एडमंड प्रॅट तिच्यात पुढे होते, आणि पेटंटचा विषय आरोग्याच्या टेबलावरून नाही तर व्यापाराच्या वाटाघाटींत घुसवला. म्हणजे तुम्हाला कापड आणि शेतमाल विकायचा असेल तर औषधांचं पेटंट आमच्या पद्धतीने द्या. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तिच्याबरोबर पेटंटचे नियम घालणारा ट्रिप्स करार आला, औषधाच्या पदार्थावर पेटंट द्यायला लागण्यासाठी भारताला १ जानेवारी २००५ पर्यंतची मुदत मिळाली. त्या वाटाघाटींत वाणिज्य खात्यांची माणसं बसली होती, आरोग्य खात्यांचं कुणी विचारत नव्हतं. मी राजकारण म्हणते ते याला. निवडणुकीचं नाही, कुठला विषय कुठल्या खोलीत आणि कुणाच्या समोर ठरतो त्याचं.

त्याच दशकात एचआयव्ही. १९९६ पासून तीन औषधांचा एकत्र उपचार आला, श्रीमंत देशांत मृत्यू धडाधड खाली आले, वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेत माणसं मरत होती आणि दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधं आणता यावीत म्हणून १९९७ मध्ये कायदा केला तर ३९ कंपन्यांनी त्या सरकारला कोर्टात खेचलं, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते मंडेला! एप्रिल २००१ मध्ये जगभर छी-थू झाल्यावर खटला मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिप्लाच्या युसुफ हमीदांनी जाहीर केलं की तिन्ही औषधं वर्षाला ३५० डॉलरला देतो, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला, सरकारांना ६००. यातली गंमत बघा, तिन्ही औषधांची पेटंटं तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे, ते एकमेकांचं औषध एका गोळीत घालणार नाहीत, भारतात १९७० चा कायदा असल्यामुळे एका गोळीत घालता आलं. म्हणजे गरिबांसाठी स्वस्त नाही फक्त, या तिन्ही औषधांची घ्यायलाही सोपी गोळी आधी इथे बनली.

आणि तुमचा बेफिकिरीचा मुद्दा. तेव्हाही हाच होता. अमेरिकेच्या मदत संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस २००१ मध्ये म्हणाले होते की आफ्रिकेत कितीतरी लोकांनी आयुष्यात घड्याळ पाहिलेलं नाही, ते वेळेवर गोळ्या कशा घेणार. पाच वर्षांनी, २००६ मध्ये, बऱ्याच अभ्यासांची एकत्र आकडेवारी आली: नीट औषध घेणारे आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के. मी हा आकडा शिकवताना नेहमी सांगते आणि समोरच्यांचे चेहरे बघते, कारण बहुतेकांनी मनात उलटं धरलेलं असतं.

टीबीत हीच गोष्ट आणखी आधीची आहे. नव्वदच्या दशकात जागतिक धोरण असं होतं की गरीब देशांनी साधा टीबी बरा करावा, एमडीआरवर उपचार परवडणारे नाहीत, त्यात पैसे घालवले तर साध्या टीबीचे हाल होतील. ऐकायला हिशोबी वाटतं. मग अमेरिकन डॉक्टर पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूत लिमाच्या एका वस्तीत उपचार करून दाखवले, पेशंट बरे झाले, आणि जी औषधं हजारो डॉलरची म्हणून नाकारली होती त्यातली कितीतरी पेटंटमधून कधीच बाहेर पडलेली होती, नीट एकत्र खरेदी केल्यावर भाव कोसळले. 'परवडत नाही' हे वाक्य म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी दिलेला भाव तपासून न बघता मान्य केलेला असतो. पण तोवरच्या वर्षांत एमडीआरवाला माणूस घरी खोकत बसलेला होता आणि घरच्यांना तोच जंतू देत होता. मुंबईत २०११-१२ मध्ये जवळजवळ सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या टीबीची बातमी आली तेव्हा सगळे दचकले, पण ते पीक त्याआधीच्या वर्षांत पेरलेलं होतं (खाजगीतल्या वाटेल त्या प्रिस्क्रिप्शननीही, तो आमच्या धंद्याचा वाटा).

अजून मागे जायचं तर १८५१ ची पॅरिसची परिषद, देशादेशांनी आरोग्यावर एकत्र बसण्याची तिथून सुरुवात, आणि चर्चा काय तर कॉलरा-प्लेग जहाजातून येऊ नये पण व्यापारही थांबू नये. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, शास्त्रज्ञ हाफकिननी इथेच लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली, आणि युरोपची मंडळी त्या वर्षी व्हेनिसला जमली ती इकडून निघणाऱ्या जहाजांची आणि यात्रेकरूंची काळजी करायला. जो आजार समुद्र ओलांडतो त्याला पैसा, जो चाळीतच राहतो त्याला सहानुभूती. ही सवय अजून गेलेली नाही. एबोलाची भीती युरोपात पोचते, टीबीने २०२३ या एका वर्षात साडेबारा लाख माणसं गेली त्याची हेडलाइन तुम्ही कुठे वाचली का?

आता दुसरी बाजू, कारण सगळं पेटंटवर ढकलून मोकळं होणं हेपण मला पटत नाही. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, या साध्या टीबीच्या नेहमीच्या औषधांवर आज कुणाचंही पेटंट नाही, स्वस्त आहेत, इथेच बनतात. तरी २०२४ च्या सुरुवातीला सरकारी केंद्रांवर साध्या टीबीच्या गोळ्या कमी पडल्या आणि केंद्राने राज्यांना सांगितलं की तुमच्या पातळीवर खरेदी करा. एक पट्टी देऊन 'चार दिवसांनी या' सांगायचं, पेशंट रोजंदारीवरचा, चार दिवसांनी यायचं म्हणजे एक खाडा. तो आला नाही की आम्ही कार्डावर 'उपचार सोडले' लिहिणार. इथे जिनिव्हातल्या जागतिक संस्थांचा काय संबंध? काही नाही. हे आपलं टेंडर, आपली खरेदी, आपली जबाबदारी.

आणि औषधाच्याही आधी जेवण. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना धान्य-डाळीची जादा टोपली दिली तर त्यांच्यात नवा टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. गोवंडीच्या पुनर्वसनाच्या इमारती बघा, दोन इमारतींमधून जेमतेम हवा जाईल एवढी फट, खालच्या मजल्यांवर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. तिथल्या घरातून एकामागून एक येतात माझ्याकडे. त्या इमारतींचे नियम सैल कुणी केले? आपणच. तेव्हा जागतिक विषमता म्हणजे फक्त अमेरिका विरुद्ध आफ्रिका असं नाही, मुंबईत दोन वॉर्डांत तेच चालतं.

शिवाय आपण कायम बळीच असतो असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने मिळून व्यापार संघटनेत मागणी केली की कोविडपुरते पेटंटचे नियम बाजूला ठेवा. चांगली मागणी, श्रीमंत देशांनी दीड-दोन वर्षं रखडवली आणि जून २०२२ मध्ये पातळ करून दिली. पण दरम्यान २०२१ मध्ये दुसरी लाट आल्यावर आपण पुण्यातून जाणाऱ्या लसी थांबवल्या, गरीब देशांसाठीची कोव्हॅक्स योजना त्याच लसींवर टेकून होती, ती महिनोन्महिने कोरडी पडली. माझ्या वॉर्डात तेव्हा ऑक्सिजनसाठी धावाधाव होती, त्यामुळे निर्यात थांबवली म्हणून मी कुणाला शिव्या घालणार नाही. पण नैरोबीतल्या नर्सच्या जागी बसून बघितलं तर तिला आपल्यात आणि लस साठवून बसलेल्या कॅनडात किती फरक दिसला असेल? एकाच गावातल्या कारखान्यावर अर्धं जग अवलंबून ठेवलं तर असंच होणार.

मग भ्रष्टाचार? आहे, मी नाकारत नाहीये. पण तो ३०,००० डॉलरचं स्पष्टीकरण देत नाही. लेनाकॅपाविरचं बघा, एचआयव्ही टाळणारं, वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन. अमेरिकेत २०२५ मध्ये त्याचा भाव वर्षाला २८,००० डॉलरच्या वर ठेवला गेला. कंपनीने १२० देशांसाठी जेनेरिकला परवानगी दिली, ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू त्या यादीत नाहीत, आणि चाचणी झाली ती इतर देशांबरोबर याच देशांतल्या लोकांवर. त्यांनी टोचून घेतलं म्हणून औषध सिद्ध झालं. कुणी लाच खाल्ली म्हणून ते यादीबाहेर राहिले नाहीत, विकत घेऊ शकतील इतपत पैसा त्यांच्याकडे आहे असं ठरवलं गेलं म्हणून राहिले.

एवढं लिहून झाल्यावर तुमच्या खालच्या छोट्या प्रश्नाचं उत्तर: 'मग सामान्य माणसाने बघायचं काय?' बातम्यांपेक्षा नियम बघा. पेटंट मिळण्याआधी हरकत घ्यायचा हक्क आपल्या कायद्यात कुणालाही आहे, तुम्हालापण, त्याच हक्कावर बेडाक्विलिनची केस उभी राहिली. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले: या हरकतीला आता फी आहे, आणि ती ऐकून घ्यायची की नाही हे आधी पेटंट ऑफिसचा कंट्रोलर ठरवणार. पेटंटवाल्याने भारतात ते औषध खरंच उपलब्ध केलंय का याचा हिशोब दरवर्षी द्यायचा असायचा, तो आता तीन वर्षांतून एकदा. २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला कॅन्सरच्या औषधाचं सक्तीचं लायसन्स (पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय ते बनवायची परवानगी) मिळालं आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून नऊ हजारांच्या आत आला, तेव्हा पुरावा म्हणून असेच हिशोबाचे फॉर्म पुढे आले होते. युरोप, ब्रिटनसारख्यांबरोबर व्यापार करार होतात तेव्हा त्यात या गोष्टींवर काय लिहून दिलं जातंय ते वाचणारे वकील आपल्याकडे मोजकेच आहेत आणि त्यांना आमच्यासारखे, पेशंटचे कान तपासणारे लोक साक्षीला लागतात. मेडिकलला असाल तर पेशंटचे ऑडिओग्राम आणि स्टॉक रजिस्टरच्या नोंदी तारखेसकट जपून ठेवा. पुढच्या हरकतीत तेच उपयोगी पडतं.